पहिला ब्रिटिश क्लब मँचेस्टरचा नव्हे, ग्लासगोचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जून २०२५ च्या अंकात आपण चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला पूर्ण पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. म्युनिकमध्ये पॅरिसच्या संघानं इंटर मिलानला ५-० असं हरवलं, त्याचं वर्णन वाचताना मॅच पुन्हा बघितल्यासारखं वाटलं. आमच्या मंगळवार पेठेत ते पान दिवसभर या हातातून त्या हातात फिरत होतं. संध्याकाळी तालमीतली चार पोरं ते घेऊन माझ्याकडं आली. पानाच्या तळाशी स्पर्धेच्या इतिहासाची चौकट होती, तिच्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून एक जण म्हणाला, "आबा, तुम्ही तर सेल्टिक म्हणून सांगता. पेपरात मँचेस्टर लिहिलंय."

ती ओळ अशी होती : १९६८ – मँचेस्टर युनायटेड, हा चषक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब.

ही चूक आहे. मँचेस्टर युनायटेड हा पहिला इंग्लिश क्लब. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडही येतं, आणि स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या सेल्टिक क्लबनं हा चषक त्याच्या आदल्याच वर्षी जिंकला होता. तारीख २५ मे १९६७, गाव लिस्बन. त्या दिवशी त्यांनी हरवलं तेही इंटर मिलानलाच, २-१ असं.

दुसरा एखादा तपशील असता तर मी पत्र लिहीत बसलो नसतो. पण मी बारा वर्षं आमच्या पेठेच्या संघाचा गोल सांभाळला आहे, आणि या हंगामाची गोष्ट मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोरांना सांगत आलो आहे. छापलेल्या ओळीपुढं माझ्या शब्दाला किंमत नाही, हे त्या संध्याकाळी कळलं. म्हणून छापलेलंच दुरुस्त व्हावं, ही विनंती आहे. आणि नुसतं 'मँचेस्टरऐवजी सेल्टिक वाचावे' असं नको. काय झालं होतं ते थोडं सविस्तर लिहितो.

त्या वेळी या स्पर्धेला युरोपियन कप म्हणत. ज्या त्या देशाचा लीग विजेता आणि आदल्या वर्षीचा चषकविजेता, एवढ्यांनाच प्रवेश. साखळी फेरी नव्हती. एक मॅच आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्हींचे गोल मिळून ज्याचे कमी तो बाहेर. यंदा पॅरिसला चषकापर्यंत पोचायला १७ मॅच खेळाव्या लागल्या, सेल्टिकला तेव्हा ९ लागल्या. त्यात ७ जिंकल्या, एक बरोबरीत सुटली, एक हरले. केलेले गोल १८, खाल्लेले ५. स्पर्धा १९५५ पासूनची, पहिली फायनल १९५६ ला, आणि तोवर चषक स्पेन, पोर्तुगाल आणि इटली यांच्याबाहेर गेलेलाच नव्हता. पहिली पाच वर्षं रेआल माद्रिद, मग दोनदा बेनफिका, एकदा एसी मिलान, दोनदा इंटर, १९६६ ला परत रेआल. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या कुणाच्या हाताला तो लागला नव्हता.

आता संघाबद्दल. लिस्बनला उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून ३० मैलांच्या आत जन्मलेले होते. ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, म्हणजे आपलं कोल्हापूर ते सांगली. सगळ्यांत लांबचा बॉबी लेनॉक्स, समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. कप्तान बिली मॅकनील बेल्सहिलचा, विली वॉलेस कर्किन्टिलॉकचा, बर्टी ऑल्ड ग्लासगोतल्याच मेरीहिलचा. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली इथली अकरा पोरं एकत्र करावीत आणि त्यांनी आशियाचा कप आणावा, असं ते होतं. मी पोरांना हे असंच सांगतो, आणि याच ठिकाणी ती गप्प होतात.

या पोरांना एकत्र बांधणारा माणूस जॉक स्टीन. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. पुढं सेल्टिकचा कप्तान झाला, घोट्याच्या दुखापतीनं खेळ सुटला, मग क्लबच्या राखीव संघातल्या पोरांना शिकवू लागला. मॅकनील, क्लार्क, मर्डॉक ही तेव्हाची पोरं. मग तो दुसऱ्या क्लबात गेला, आणि १९६१ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीत त्याच्या डनफर्मलिननं सेल्टिकलाच हरवलं. मार्च १९६५ मध्ये सेल्टिकनं त्याला मॅनेजर म्हणून परत आणलं. हा क्लब १८८७ साली एका धर्मबंधूनं, ब्रदर वॉलफ्रिडनं, ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीसाठी काढलेला. स्टीन प्रॉटेस्टंट. त्या शहरात ही गोष्ट लहान नव्हती. याआधीचे सगळे मॅनेजर कॅथलिक होते. स्टीन आला त्याच्या पुढच्याच महिन्यात स्कॉटिश कप मिळाला, पुढच्या वर्षी १२ वर्षांनी लीग मिळाली, आणि लीग मिळाली म्हणून युरोपियन कपचं दार उघडलं. सेल्टिकची या स्पर्धेतली ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या दोन फेऱ्या मी भरभर सांगतो, कारण त्या भरभरच झाल्या. झुरिकला घरी २-० आणि त्यांच्याकडं ३-०. फ्रान्सच्या नाँतला दोन्हीकडं ३-१. घरची ती मॅच ७ डिसेंबरला झाली, आणि त्याच रात्री ॲम्स्टरडॅमच्या धुक्यात आयॅक्सनं लिव्हरपूलवर पाच गोल केले. इंग्लंडचा विजेता तिथंच बुडाल्यासारखा होता. पण डिसेंबर सेल्टिकलाही बरा गेला नाही. त्यांचा गोल करणारा जो मॅकब्राइड, नाताळाच्या आधीच त्याचे ३५ गोल झालेले, २४ तारखेला ॲबर्डीनमध्ये त्याचा गुडघा गेला आणि हंगामच संपला. लिस्बनच्या फोटोत तो नाही. माझ्या यादीत मात्र त्याचं नाव मी कायम घेतो.

खरी परीक्षा मार्चमध्ये. युगोस्लाव्हियाचा व्होइव्होदिना हा नोव्ही साद गावचा संघ, आपल्याकडं कुणी नावही ऐकलेलं नसेल. आधीच्या फेरीत त्यांनी आत्लेतिको माद्रिदला घरी पाठवलं होतं. आपल्या मैदानावर त्यांनी सेल्टिकला १-० हरवलं. बॅकनं मागं दिलेला पास चुकला आणि गोल बसला. ८ मार्चला ग्लासगोत परतीची मॅच. दुसऱ्या हाफमध्ये स्टीव्ही चाल्मर्सनं गोल केला, हिशेब १-१ झाला. त्या वेळी बाहेरच्या मैदानावरच्या गोलला जास्त किंमत नव्हती, टायब्रेकर नव्हता. बरोबरी राहिली असती तर तिसरी मॅच रॉटरडॅमला. शेवटचा मिनिट चालू होता. उजवीकडून कॉर्नर मिळाला, चार्ली गॅलाघरनं घेतला, आणि मागून सेंटर बॅक मॅकनील धावत येऊन सगळ्यांच्या वर उठला. हेडर, गोल. खेळ परत सुरू करायलाही वेळ उरला नव्हता म्हणतात. मी स्वतः गोलमध्ये उभा राहून शेवटच्या मिनिटाचे कॉर्नर खाल्लेले आहेत. त्या व्होइव्होदिनाच्या गोलकीपरचं काय झालं असेल, हे मला कुणी सांगायला नको.

उपांत्य फेरीत चेकोस्लोव्हाकियाचा डुकला प्राग. त्यांच्याकडं मासोपुस्त होता, १९६२ सालचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. घरी सेल्टिक ३-१ जिंकलं. दोन गोल विली वॉलेसचे. त्याला डिसेंबरमध्येच हार्ट्सकडून ३० हजार पौंडांना घेतलं होतं आणि या स्पर्धेतली त्याची ही पहिलीच मॅच. प्रागला स्टीननं सगळा संघ मागं ओढला, चाल्मर्सला एकट्याला पुढं ठेवलं आणि ०-० काढली. जिंकले, पण असं खेळल्याची रुखरुख स्टीनला पुढंही राहिली. असा खेळ परत खेळणार नाही, असं तो म्हणाला होता. लिस्बनला त्यानं तो शब्द पाळला.

मध्येच एक सांगायचं राहिलं. डुकलाच्या दोन मॅचच्या मध्ये, १५ एप्रिलला, स्कॉटलंडनं वेम्बलीवर इंग्लंडला ३-२ हरवलं. इंग्लंड तेव्हा जगज्जेते. त्या दिवशी स्कॉटलंडच्या गोलमध्ये होता रॉनी सिम्पसन, सेल्टिकचाच, आणि देशाकडून त्याची ती पहिली मॅच होती. वय ३६.

सिम्पसनवर मी जरा थांबतो, माझी जागा तीच होती म्हणून. हा माणूस १९४८ च्या ऑलिंपिकला ब्रिटनकडून गेलेला. न्यूकासलबरोबर १९५२ आणि १९५५ ला इंग्लंडचा एफए कप जिंकलेला. मग उतार लागला. हिबर्नियन क्लबात असताना ज्या मॅनेजरनं त्याला १९६४ मध्ये सेल्टिकला विकून टाकलं, तो मॅनेजर होता जॉक स्टीन. सहा महिन्यांनी तोच स्टीन सेल्टिकमध्ये आला, तेव्हा आता आपलं इथलंही संपलं असं सिम्पसनला वाटलं होतं. पण स्टीननं त्याला ठेवलं. वयाच्या ज्या वर्षी माझी पाठ धरली आणि मी हातमोजे खुंटीला लावले, त्या वर्षी हा माणूस युरोपियन कपच्या फायनलला उभा होता.

त्या वसंतात या पोरांनी काय काय जिंकलं ते ऐका. लीग कप ऑक्टोबरमध्येच आला होता, ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबला १-० हरवून. २९ एप्रिलला ॲबर्डीनला २-० हरवून स्कॉटिश कप. ६ मेला रेंजर्सच्याच मैदानावर, पावसात, चिखलात २-२ बरोबरी करून लीग. दोन्ही गोल जिमी जॉनस्टनचे. लाल केसांचा, बुटका विंगर. चेंडू पायाला चिकटला की तीन-तीन बॅकना फिरवायचा. इंटरचा मॅनेजर हेलेनिओ हेरेरा त्या दिवशी मुद्दाम ही मॅच बघायला येऊन बसला होता. ग्लासगो कपही घेतला होता. ज्या ज्या स्पर्धेत उतरले ती प्रत्येक जिंकली, फक्त एक उरली होती.

इंटरचा खेळ म्हणजे कॅटेनाचिओ. कॅटेनाचिओ म्हणजे दाराची कडी. एक गोल करायचा आणि कडी लावून बसायचं. लिस्बनला तसंच झालं. सातव्या मिनिटाला जिम क्रेगनं कॅपेलिनीला पाडलं म्हणून पेनल्टी दिली, मॅझोलानं गोल केला, १-०. क्रेग हा दातांचा डॉक्टर व्हायला शिकलेला राइट बॅक. ती पेनल्टी नव्हती, असं तो जन्मभर म्हणत आला. त्यानंतर ८० मिनिटं मॅच इंटरच्याच गोलसमोर झाली. दोनदा चेंडू आडव्या दांडीवर आदळला. इंटरचा गोलकीपर सार्तीनं त्या दिवशी जे अडवलं, ते मी नंतर चित्रफितीवर किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. हरलेल्या संघाचा गोलकीपर म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही, ते घ्यायला हवं.

हाफ टाइमला स्टीननं सांगितलं, चेंडू गर्दीत उचलून टाकू नका, मागं काढा, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला. ६३ व्या मिनिटाला क्रेगनं तेच केलं, ज्याच्यावर पेनल्टी लागली होती त्यानंच. पास आडवा आला आणि डाव्या बॅकला खेळणाऱ्या टॉमी गेमेलनं वीसेक यार्डांवरून असा हाणला की सार्तीचा हात उठेपर्यंत जाळं हललं होतं. आता खरं तर एक बॅक वर गेला की दुसऱ्यानं मागं राहायचं, ही स्टीनची शिस्त. या गोलला दोन्ही बॅक वर होते. शिस्त मोडून गोल झाला, आणि स्टीनला त्याचा राग आला असेल असं मला वाटत नाही. ८४ व्या मिनिटाला गेमेलनं मर्डॉकला दिला, मर्डॉकनं गोलकडं मारला आणि गोलसमोर उभ्या चाल्मर्सनं पाय लावून दिशा बदलली. लोक म्हणाले नशिबाचा गोल. नशीब कसलं, ही चाल ते सरावात रोज करत होते. हा चाल्मर्स विशीत क्षयाच्या मेंदूज्वरातून वाचलेला माणूस.

सिम्पसनला त्या दिवशी फार काम नव्हतं. पण एकदा चेंडू सेल्टिकच्या हाफमध्ये लांब पडला, कॅपेलिनी धावत आला, तेव्हा हा ३६ वर्षांचा गोलकीपर क्षेत्राबाहेर येऊन टाचेनं चेंडू मागं आपल्या क्लार्कला देऊन मोकळा झाला. फायनलमध्ये, एका गोलनं मागं असताना. त्याची टोपी गोलच्या जाळ्यात ठेवलेली होती आणि तिच्यात संघातल्या काही जणांच्या दातांच्या कवळ्या होत्या. शिट्टी झाल्यावर ते टोपीकडं धावले, फोटोत तोंड नीट दिसावं म्हणून. उन्हानं रापलेले, केस विंचरलेले इटलीचे खेळाडू एका बाजूला आणि तरुणपणीच दात गेलेली ही कामगार वस्तीची पोरं दुसऱ्या बाजूला. मॅचच्या आधी बोगद्यात दोन्ही संघ शेजारी उभे होते तेव्हा बर्टी ऑल्डनं क्लबचं गाणं सुरू केलं आणि सगळे गायला लागले. इंटरचे खेळाडू बघत राहिले.

मैदानात एवढी गर्दी घुसली की संघाला कप घ्यायला जाताच आलं नाही. मॅकनीलला एकट्यालाच पलीकडच्या संगमरवरी व्यासपीठावर नेलं, आणि त्यानं एकट्यानं तो उचलला. उन्हात कप डोक्यावर धरलेला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कप्तान. हा फोटो मला पंचाहत्तर-शहात्तर साली रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी खेळाच्या मासिकात सापडला होता. उद्यमनगरात लेथवर कामाला होतो, इंग्रजी जेमतेम. फोटोखालच्या ओळीतलं '३० मैल' तेवढं समजलं होतं. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

एप्रिल २०१९ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ग्लासगोला होतो. २३ एप्रिलला सकाळी जावई म्हणाले, बाबा, तुमचा मॅकनील गेला. मी त्यांना म्हणालो, मला मैदानावर न्या. सेल्टिक पार्कच्या रस्त्याच्या तोंडाशी त्याचा पुतळा आहे, दोन्ही हातांनी कप वर धरलेला. पायथ्याशी फुलं, स्कार्फ, जर्सी, मेणबत्त्या. आपल्याकडं एखादा वस्ताद गेल्यावर तालमीपुढं जमतात तशी माणसं गप्प उभी होती. एक म्हातारा माझ्याजवळ आला. कुठून आलात, विचारलं. जावयांनी सांगितलं, भारतातून, गोलकीपर होते. त्यानं माझा हात धरला. तो १९६७ ला चार मित्रांबरोबर मोटार घेऊन लिस्बनला गेला होता, फ्रान्स आणि स्पेन ओलांडून. त्याचं बोलणं मला अर्धंही कळलं नाही. मी त्याला अकरा नावं म्हणून दाखवली, सिम्पसनपासून लेनॉक्सपर्यंत, क्रमानं. तो रडायला लागला. मग मलाही राहवलं नाही. आठवड्याभरात, २९ एप्रिलला, चाल्मर्सही गेला.

आमच्या पेठेतली पोरं आज पॅरिसच्या, माद्रिदच्या जर्सी घालून फिरतात. घालू देत. आमच्या शाहू स्टेडियमवरही आता बाहेरचे, परदेशातले खेळाडू येतात आणि चांगला खेळ दाखवतात, मी त्यांनाही टाळ्या वाजवतो. पण या पोरांना वाटतं की मोठा कप जिंकायचा तर माणसं विकतच आणावी लागतात. ३० मैलांच्या आतल्या पोरांनी तो एकदा जिंकला आहे, हे त्यांनी वाचायला हवं, आणि ते त्यांच्याच भाषेतल्या पेपरात असायला हवं. म्हणून एका शब्दाच्या चुकीसाठी एवढं लांब पत्र लिहिलं.

दुरुस्ती छापताना ही अकरा नावं याच क्रमानं द्यावीत : रॉनी सिम्पसन, जिम क्रेग, टॉमी गेमेल, बॉबी मर्डॉक, बिली मॅकनील, जॉन क्लार्क, जिमी जॉनस्टन, विली वॉलेस, स्टीव्ही चाल्मर्स, बर्टी ऑल्ड, बॉबी लेनॉक्स. जागा उरली तर खाली जो मॅकब्राइडचं नावही टाकावं. तालमीच्या फळ्यावर तुमची १ जूनची चौकट पोरांनी चिकटवली आहे. तिच्या शेजारी मी चार बोटं जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे.

आपला नियमित वाचक,
एक जुना गोलकीपर
मंगळवार पेठ, कोल्हापूर